पारडं वर की खाली

"बाई, राजकन्या मेल्यावर पारडं वर जातं की खाली?"

तोंड माझं होतं, प्रश्न मैत्रिणींचा. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती शिक्षा भोगून झाल्यावरसुद्धा अपील करते. तिनं मधल्या सुट्टीत पैज लावली, की तालमीत सगळ्यांसमोर उभं राहून छटाकनं हे विचारून दाखवायचं. छटाक म्हणजे मी. अंगानं किरकोळ, त्यात वडील वजनकाटे दुरुस्त करतात, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' म्हटलं की बाई मान वर करून आवाज कुठून आला ते शोधायच्या. त्यामुळे हा बार फुसका निघणार, अशी वकिलीची पक्की खात्री होती.

पण यंदा माझं काहीतरी झालंय खरं. नाटकाच्या निवडीच्या दिवशी मी सहज मोठ्यानं बोलून बघितलं, तर माझाच आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. मला वाटलं, अरेच्चा, ही कोण! तेव्हापासून मला बोलायची चटक लागलीय. आणि राजकन्येचं काम मलाच मिळालं.

प्रश्न ऐकून सगळ्या खो खो हसल्या. राजा तर दाढी हातात घेऊन खालीच बसला. राजा म्हणजे खांब, आमच्या बास्केटबॉल संघाची कप्तान. मुलींची शाळा असल्यामुळे राजेसुद्धा घरचेच.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"या अख्ख्या नाटकात विचारण्यासारखा हाच एक प्रश्न आहे," त्या म्हणाल्या, "आणि तो विचारायला तुम्हाला पैज लावावी लागते. बसा आता खाली."

नाटक फार जुनं आहे. इतकं जुनं, की लिहिणाऱ्याचं नावसुद्धा उरलेलं नाही. एका राजानं जिंकण्यासारखं सगळं जिंकलंय, पण एक गोष्ट त्याला कळत नाहीय. हाडामांसापलीकडे माणसात काही असतं का? त्याचा वैद्य सांगतो, जीव म्हणजे ऊब आणि वारा. दिवा विझतो तसा विझतो, जात कुठेच नाही. त्याचे गुरू सांगतात, जीव वेगळा, देहात नुसता राहायला आलेला. दोघांची भांडणं ऐकून राजा वैतागतो आणि म्हणतो, वाद कशाला, तोलूनच बघू. मग तो एक भलामोठा तराजू करून घेतो आणि फाशीच्या कैद्यांना मरताना पारड्यात झोपवायला लागतो. राजकन्या हात जोडते, भांडते, अन्न सोडते. तो ऐकत नाही. शेवटी ती स्वतःच विष पिऊन पारड्यात जाऊन पडते आणि म्हणते, बाबा, आता तोला. आणि हा बाप तिच्याकडे बघतच नाही! काट्याकडे बघत राहतो. मरताना ती काहीतरी बोलते, तेही त्याला ऐकू जात नाही. त्यानंतर पुस्तकात एकच ओळ आहे. 'पारडे हलते.' की पडदा.

"वर की खाली ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "काही मंडळ्या पारडं वर नेतात. म्हणजे काहीतरी निघून गेलं, हलकं झालं. काही खाली नेतात. म्हणजे इतका वेळ कुणीतरी तिला आतून उचलून धरलं होतं, ते सुटलं. या दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या नाटकाला जात नाहीत."

"आणि तुम्ही काय करणार, बाई?"

"मी दोरी बांधणार, आणि ओढायची की सोडायची ते आयत्या वेळी ठरवणार," असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या. "तुझे वडील काट्यांचं काम करतात ना? आपल्याला तराजू करून देतील का, विचार."

वकिलीनं पैजेचं चॉकलेट दिलं, पण अर्धं मोडून. उरलेलं अर्धं म्हणे उत्तर मिळाल्यावर.

बाबांचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तेलाचा आणि पितळेचा वास, भिंतीवर टांगलेल्या साखळ्या, आणि फळीवर रांगेनं बसलेले आजारी काटे. कुणी भाजीवाल्याचा, कुणी सोनाराचा, कुणी पोस्टातला. बाबा अबोल आहेत असं नाही. पण एक वाक्य बोलून झालं की दुसरं बोलायच्या आधी ते पहिलं तपासून बघतात. तोवर समोरचा निघून जातो.

मी एका दमात सगळं नाटक सांगितलं, हातवाऱ्यांसकट. ते एका पारड्याची कडी पक्कडीनं वाकवत होते.

"राजा कुठे बघत असतो म्हणालीस?"

"काट्याकडे. मुलगी मरतेय आणि हा काट्याकडे बघतोय. मला तर असा राग येतो ना त्याचा!"

कडी कधीच वाकून झाली होती. ते तरी पक्कड फिरवत राहिले.

"करून देतो," म्हणाले.

मागच्या बाजूला, एका बंद पडलेल्या गोदामातून आणलेला मोठा तराजू पडून होता. पोती तोलायचा. वर आडवी लोखंडी दांडी, तिच्या मध्यावर हातभर लांब काटा. बाबांनी एका बाजूचं पारडं काढून तिथे साखळ्यांनी फळी टांगली आणि दुसऱ्या बाजूला वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

"झोप."

मी नुसती झोपले नाही, मेले. डोळे अर्धवट मिटले, एक हात फळीवरून खाली सोडला. घरच्या प्रेक्षकांना थोडं जास्तच दिलं.

"हलू नकोस."

"हलत नाहीये! मेलेय मी!"

"काटा हलतोय."

मी डोळे तिरके करून वर बघितलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या, फळीही थांबली होती, पण काट्याचं टोक थरथरत होतं. श्वास घेतला की एकीकडे, सोडला की दुसरीकडे. मी श्वास रोखून धरला. तरी ते अगदी बारीक, ठेक्यात उडतच होतं, कुणी आतून टिचकी मारल्यासारखं.

"ते काळीज आहे तुझं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वेगळाच झाला होता, लहान मुलाला मांजर दाखवताना होतो तसा. "ते रक्त फेकतं, तेव्हा अंगाला उलटा धक्का बसतो. केसाएवढा. काटा चांगला असेल तर त्याला कळतो. जिवंत माणूस काट्यावर कधीच पुरता थांबत..."

ते थांबले.

"आणि मेलेला?" मी विचारलं. चटक लागलीय म्हटलं ना.

"उतर," ते म्हणाले. मी उतरल्यावर त्यांनी फडकं घेऊन फळी पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

मला तर आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी तालमीत मी बाईंना सांगून टाकलं, की वर नाही आणि खाली नाही. वजन तेवढंच राहतं, जाते ती थरथर! वैद्यही खरा आणि गुरूही खरे! बाई खुर्चीतून उठल्याच. पण वकील बोट वर करून हजर.

"हरकत आहे, बाई. खऱ्या काट्यावर ही मरूच शकत नाही. पहिल्या रांगेला काटा थरथरताना दिसणार. राजा रडतोय, मेली हो मेली, आणि काटा सांगतोय, काही मेलीबिली नाही, सकाळीच दोन अंडी खाऊन आलीय."

"म्हणून तर दोरी," बाई म्हणाल्या. "दांडीच अडकवून टाकू."

संध्याकाळी मी दोरीचं बाबांना सांगितलं.

"दोरी नाही. खोटा काटा मी करत नाही."

"बाबा, अहो, नाटक आहे ते!"

"नाटक असू दे खोटं. काटा नको."

आता आमच्या घराची एक गंमत सांगायची राहिली. काटेवाल्याच्या घरात काटा नाही. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटासुद्धा नाही. आल्यागेल्या पाहुण्यांचा हा ठरलेला विनोद, की शिंप्याचं पोर उघडं. आई सगळं मुठीनं मापते, डोळ्यानं मापते आणि बरोबर मापते. ती लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रावर काम करते, तिथे कपडे तोलून घेतात, पण ते काम ती दुसऱ्या बाईला करायला देते. बाजारात तोलून घ्यायचं असेल तर मला पुढे करते. मला वाटायचं, असते एकेकाची सवय.

रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं बसलो आणि मी आईला शेवटचा प्रवेश करून दाखवला. खुर्ची मागे सारून सरळ जमिनीवर झोपले.

"...आणि मी अशी पारड्यात पडते, आणि म्हणते, बाबा, आता तो—"

"कशात?" आईच्या हातातला डाव भांड्यावर तसाच राहिला.

"पारड्यात गं. मोठा तराजू आहे, बाबांनीच केलाय! मी मरते, आणि राजा काटा बघत—"

आई बाबांकडे बघत होती. बाबा ताटाकडे.

"तू हे काम करायचं नाहीस," आई म्हणाली.

"म्हणजे? आई, पण मला—"

"दुसरं कर. झाड हो, दासी हो. हे नाही. ऊठ जमिनीवरून."

"पण का?"

"ऊठ म्हणाले ना!"

आई ओरडत नाही कधी. म्हणून मी उठले. बाबा तरी काहीतरी बोलतील, असं वाटलं! पण त्यांनी ताट उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं आणि दार लोटून बाहेर गेले.

मागच्या वर्षीची छटाक असती तर उशीत तोंड घालून विषय संपला असता. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट लाँड्रीत जाऊन उभी राहिले. वाफेच्या ढगात आई दिसत नव्हती, तिचे हात तेवढे दिसत होते. बाह्या सरळ करायच्या, झाकण खाली, फुस्स, झाकण वर.

"कारण सांग. मग सोडते काम. कारण न सांगता नाही."

"फार बोलायला लागलीस हल्ली."

"हो."

तिनं आणखी एक सदरा घेतला. मला वाटलं, झालं, आता हाकलणार.

"तुझ्या आधी एक होता, माहितीय ना तुला," ती म्हणाली.

माहीत होतं. भिंतीपलीकडे शेजारी राहतात हे माहीत असतं, तेवढंच. वेळेआधी झाला, राहिला नाही. याच्यापुढे घरात कुणी गेलेलं नव्हतं, आणि मीही नाही.

"तो एवढासा होता. दवाखान्यात रोज सकाळी त्याला काट्यावर ठेवायचे, वाढला की नाही बघायला. माझा सगळा जीव त्या काट्याला टांगलेला. वाढला म्हणाले की दिवस चांगला. आणि तिथले काटे तुझे बाबाच बघायचे, त्यामुळे मला वाटायचं, घरचाच काटा आहे, आपल्याशी वाईट वागणार नाही." फुस्स. "एका सकाळी नर्सनं त्याला गुंडाळून आणलं. म्हणाली, गेला. मी पलंगावर होते, मला उठता येत नव्हतं. मी हात पुढे केले. असे. नर्सनं त्याला तुझ्या बाबांच्या हातात दिलं, मला द्यायला. मध्ये दोन पावलं असतील नसतील."

झाकण खालीच राहिलं. कापड करपेल म्हणून मला भीती वाटली, पण आईनं ते वेळेवर उचललं. हाताला सवय असते.

"त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि त्याला काट्यावर ठेवलं. आधी काट्यावर. दुकानातली वस्तू ठेवतात तसं. आणि बघत उभे राहिले. मी हाक मारतेय, ऐकूच नाही. काट्याकडे बघतायत." तिनं सदऱ्याची घडी घातली, कॉलर दाबून. "नंतर दिला माझ्याकडे. तोवर गार झाला होता. आता समजलं कारण? जा घरी."

मी घरी गेले नाही. किती तरी वेळ बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. नाटकातल्या ज्या राजावर मी दातओठ खायचे, तो माझ्याच शेजारी बसून रोज जेवत होता. माझी वेणी घालायला शिकला होता. सायकल धरून मागे पळाला होता.

त्यानंतर तालमीत माझं सगळं बिनसलं. पारड्याच्या जागी अजून बाकच होता, तरी मला त्यावर आडवं होववेना. वाक्यं सगळी पाठ, आणि आवाज परत मागच्या वर्षीचा. खांब दाढी काढून माझ्याजवळ आली.

"माझं काही चुकतंय का गं? मी जास्त टक लावते का काट्याकडे?"

"नाही. तू बरोबर करतेस."

"मग तोंड असं का केलंयस?"

"तू फारच बरोबर करतेस म्हणून."

बाईंना मी एवढंच सांगितलं, की आईला चालणार नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही. "शनिवारी वडील तराजू बसवायला येतायत," त्या म्हणाल्या. "तोवर ठरव. काम सोडणार असशील तर दुसऱ्या मुलीला तयार करायला हवं." दुसरी मुलगी म्हणजे वकील, हे मला माहीत होतं. ती मरतानासुद्धा मुद्दे मांडेल.

घरात तर बोलणंच संपलं होतं. आई मला वाढायची, बाबांना वाढायची, मध्ये भांडं आपटायची नाही की काही नाही. हे आताचं नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं हे असंच होतं. मी मध्ये बडबडत बसायचे, त्यामुळे ऐकू यायचं नाही एवढंच.

शनिवारी दुपारी सभागृह रिकामं होतं. बाई शिक्षकांच्या खोलीत तपासायचे पेपर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मला तराजूची जागा दाखवायला पाठवलं. बाबा शिडीवर. दांडी रंगमंचाच्या मधोमध टांगली होती. पारडं त्यांनी नवीन केलं होतं, फळीला चहूबाजूंनी गोल काठ, काठाला घासून घासून आणलेली चकाकी. इतकं सुंदर, की मला आणखीनच राग आला.

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांनी ते तपासून बघितलं असावं, कारण त्यांनीही प्रयत्न केला नाही.

"एकदा झोपतेस? वाळू लावून बघायचीय."

मी झोपले. काम सोडायचंच तर निदान एकदा खऱ्या पारड्यात झोपून सोडावं म्हणून. त्यांनी पिशव्या ठेवल्या, एकीतली थोडी वाळू ओंजळीनं काढली, परत घातली. पारडं जमिनीवरून उचललं गेलं. छताला अडकलेली जुन्या कुठल्यातरी कार्यक्रमाची पताका दिसत होती. मेलेल्या राजकन्येला एवढंच दिसत असणार.

आणि दार वाजलं.

आई होती. लाँड्रीतून थेट आलेली, हातात पिशवी. बाईंना भेटून माझं नाव काढायला आली असणार, आणि शिक्षकांच्या खोलीऐवजी सभागृहाचं दार उघडलं. ती खुर्च्यांच्या रांगांमध्येच उभी राहिली. तिला काय दिसलं असेल ते मी झोपल्या झोपल्या बघितलं. पारड्यात मी, आणि शेजारी बाबा काट्याकडे बघत उभे.

मी उठणारच होते. पण आई पुढे आली. भराभरा नाही, रस्ता ओलांडताना येतात तशी. रंगमंचाच्या पायऱ्या चढली. ती माझ्याकडे बघत नव्हती, वर बघत होती.

"तो का हलतोय?" ती म्हणाली. "बिघडलाय का?"

बाबांनी मान हलवली.

"मग? ती तर गप पडलीय."

"ती जिवंत आहे," बाबा म्हणाले. "म्हणून हलतोय. श्वास आहे, ठोके आहेत. आत काही चालू असेल तोवर काटा थांबत नाही."

मला माझे ठोके कानात ऐकू यायला लागले, आणि वर काट्याचं टोक त्याच ठेक्यात उडत होतं. लबाडी करायची सोयच नव्हती.

"तोही हलायचा," बाबा म्हणाले. आता ते वाक्य तपासायला थांबत नव्हते. "रोज सकाळी. तू आकडा विचारायचीस. मी आकडा सांगायचो, पण मी आकडा बघत नव्हतो. टोक बघायचो. एवढंसं उडायचं. पाखरासारखं. त्या दिवशी नर्स म्हणाली, गेला. मला तिच्या तोंडून ते खरं वाटेना. तिला काय कळतंय, म्हटलं, काटा सांगेल. एकदा उडू दे, म्हटलं. केसाएवढं."

आईची पिशवी खाली ठेवली गेली की पडली, मला दिसलं नाही.

"वजन बघत नव्हतात तुम्ही?"

"वजन तेवढंच होतं गं. कालच्याइतकंच. काहीच कमी झालं नव्हतं. फक्त..." त्यांनी हात आडवा धरला आणि थांबवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? थांबला होता, हे?"

मला वाटलं, आता आई रडेल, नाहीतर त्यांचा हात धरेल, आणि सगळं ठीक होईल. तसं काही झालं नाही.

"मी हात पुढे केले होते," ती म्हणाली.

"मला दिसले नाहीत."

"हो. तुम्हाला दिसले नाहीत."

हे तिनं भांडल्यासारखं म्हटलं नाही. बाबांनीही सावरून घेतलं नाही. ती गोष्ट तिथेच दोघांच्या मध्ये राहिली, माझ्या अंगावरून, आणि मला वाटतं ती कायमची तिथेच राहणार. पण इतकी वर्षं तिची एक बाजू आईकडे होती आणि दुसरी बाबांकडे. आज पहिल्यांदा दोघं एकाच वेळी तिच्याकडे बघत होते.

मग आईनं पारड्याच्या काठाला बोट लावलं. काटा भलतीकडेच गेला. तिनं चटकन बोट काढलं, आणि तो परत जागेवर येऊन थरथरायला लागेपर्यंत श्वास धरून उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. ती माझे ठोके बघत होती. बाबा काट्याकडे बघत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते.

आणि मला एकदम दिसलं. वर की खाली, दोरी की नको, वकिलीची हरकत, सगळं. उठून सांगावं असं वाटलं, पण उठले असते तर काटा गेला असता. म्हणून पडल्या पडल्याच सांगितलं. मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी हे काम करणार आहे. आई, थांब, आधी ऐक. दोरी लावायची नाही. काटा असाच राहणार, खरा, आणि लोकांना थरथरताना दिसू दे. राजा त्याच्याकडे बघत बसेल, पुस्तकात आहे तसा. मी शेवटचं बोलेन, त्याला ऐकू जाणार नाही, तेही तसंच. पण मग त्यानं काटा सोडून यायचं आणि मला उचलून मांडीवर घ्यायचं. उशीर झाला असला तरी. खांबला जमेल, ती मला एका हातानं उचलते. मी उचलले गेले की पारडं आपोआप वर जाईल आणि काटा थांबेल. यात खोटं काहीच नाही, बाबा. 'पारडे हलते' एवढंच लिहिलंय ना, ते हलणारच. बाई नाही म्हणाल्या तर मी त्यांच्याशी भांडेन. आणि तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसणार आहात, शेजारी शेजारी, मध्ये खुर्ची न सोडता. आता मला कुणीतरी उचला, माझी पाठ दुखायला लागलीय."